गाठ औषधाला दाद देईनाशी होते तेव्हा

आमच्या संशोधन गटाच्या बैठकीला एक बाई येतात. त्या डॉक्टर नाहीत, शास्त्रज्ञही नाहीत. त्यांना स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय आणि रुग्णांच्या वतीने बोलायला त्यांना गटात रीतसर घेतलेलं आहे. या गटात आल्यापासून मला सगळ्यात जास्त पटलेली पद्धत कुठली, तर ही. कुठलं प्रथिन कुठल्या गाठीत वाढलं यावर आमची चर्चा रंगलेली असते आणि मध्येच त्या विचारतात, "हे प्रथिन सापडलं, तर माझं औषध बदलणार का?"

बहुतेक वेळा उत्तर असतं, "अजून नाही." ते का, हे आज सविस्तर लिहिते. कारण "आता रक्ताच्या थेंबावरून कळणार केमो लागू पडेल की नाही" अशा बातम्या घरची मंडळी मला सारखी पाठवतात, आणि त्यामागची आशा मला कळते.

आधी जे पक्कं आहे ते. स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू ही तीन नावं असतातच. तिन्ही प्रथिनंच आहेत. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासाठी पीआर, आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीत ज्याला जाऊन चिकटतं ते ईआर. ते असेल तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग, नसेल तर नाही. हर-टू पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतं. ते भरमसाट वाढलेलं असेल तर ट्रास्टुझुमॅब देतात. या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली, आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवणारी चाचणीही त्याच वेळी मान्य झाली. बाईंच्या प्रश्नाला "हो" म्हणता येतं ते इथे.

पण ईआर आहे म्हणून गोळी कायम लागू पडेलच, असं नाही. अरोमाटेज रोखणारी औषधं शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करतात. काही गाठी यावर वाट काढतात: ईआरची घडणच किंचित बदलते, प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, तिच्यातल्या ५३७व्या जागी टायरोसिनऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल येतं, आणि मग ईआर इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतं. गाठीच्या तुकड्यावर रंग चढवून प्रथिन बघायच्या नेहमीच्या रंगचाचणीत हे दिसत नाही. तिथे गाठ पूर्वीसारखीच ईआर पॉझिटिव्ह दिसते. हा बदल रक्तात आलेल्या गाठीच्या डीएनएमधून पकडतात, आणि २०२३च्या जानेवारीत अशा रुग्णांसाठी एलासेस्ट्रंट ही गोळी अमेरिकेत मान्य झाली. म्हणजे बिघाड प्रथिनात, पण पुरावा जनुकात.

हर-टूचं तसंच. ट्रास्टुझुमॅब त्याच्या पेशीबाहेरच्या भागाला चिकटतं. काही पेशींत हर-टूचा तो भागच नसतो, त्यामुळे औषधाला धरायला जागा उरत नाही. कधी पीटेन हे प्रथिन हरवतं, जे पेशीच्या वाढीला ब्रेक लावण्याचं काम करतं. पेशींचं विभाजन रोखणारी पॅल्बोसिक्लिबसारखी औषधं आरबी या प्रथिनामार्फत काम करतात. आरबीच नसेल तर औषध चालायचं कसं? तर्क अगदी स्वच्छ आहे. तरीही ट्रास्टुझुमॅब किंवा पॅल्बोसिक्लिब द्यायचं की नाही, हे आज रोजच्या उपचारात यांतल्या एकाही गोष्टीवरून ठरवत नाहीत. एका अभ्यासात संबंध दिसतो, दुसऱ्यात फिका पडतो.

असं होण्याचं एक मोठं कारण मी रोज हाताळते. गाठ शस्त्रक्रियेत बाहेर काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. प्रथिनं बदलू लागतात. पेशीत कुठला संदेश चालू आहे हे प्रथिनावरच्या फॉस्फेटवरून कळतं, आणि ही फॉस्फेटं तर काही मिनिटांतच बदलायला लागतात. म्हणून गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, पडायला हवी आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवी, असा ईआर आणि हर-टूच्या तपासणीचा दंडक आहे. स्लाइड हातात आली की मी आधी गाठीकडे बघतच नाही, शेजारच्या निरोगी दुग्धनलिका शोधते. त्यांच्या काही पेशींत ईआरचा तपकिरी रंग यायलाच हवा. तिथेही सगळं निळंच दिसलं, तर गाठीत ईआर नाही म्हणायला मी धजणार नाही. कदाचित तुकडाच नीट राखला गेला नसेल.

कॅन्सरच्या गाठींतली प्रथिनं मोजणाऱ्या अमेरिकेतल्या सीपीटॅक प्रकल्पाचा २०१६चा अभ्यास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्यांनी स्तनाच्या १०५ गाठींमधली प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजली, आणि त्यांतल्या ७७ गाठींचीच माहिती चांगल्या दर्जाची निघाली. एवढी साधनसामग्री असलेल्यांची ही स्थिती. त्यात या यंत्रावर एकाच वेळी हजारो प्रथिनं मोजली जातात आणि रुग्ण मात्र मोजके असतात. इतक्या प्रथिनांत काही तरी निव्वळ योगायोगाने औषधाशी जुळणारच. ती जुळणी वेगळ्या रुग्णालयातल्या, वेगळ्या रुग्णांत पुन्हा दिसली तरच तिला किंमत. वर्षं जातात ती या कामात, आणि ती जायलाच हवीत. चुकीच्या चाचणीवर विसंबून एखादीचं उपयोगी औषध बंद झालं, तर ते कुणी भरून देऊ शकत नाही.

तोवर हाताशी आहे ते तरी वापरा, एवढं कळकळीने सांगते. आजार परत आला किंवा दुसरीकडे पसरला, आणि तिथला तुकडा काढणं शक्य असेल, तर ईआर आणि हर-टू पुन्हा तपासायला हवं का, हे डॉक्टरांना विचारा. आधीची गाठ पॉझिटिव्ह होती म्हणून नवीही तशीच असेल, असं धरून चालू नका. उलटही घडतं.

आणि हर-टू नुसतं "निगेटिव्ह" लिहिलं असेल तर स्कोअर, म्हणजे रंग किती गडद आला त्याचा आकडा, किती ते बघा. शून्य, एक की दोन? पसरलेल्या कॅन्सरमध्ये एक स्कोअर असलेल्या, किंवा दोन स्कोअर असून पुढची जनुकचाचणी निगेटिव्ह आलेल्या रुग्णांसाठीही ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. जुन्या रिपोर्टांत या रुग्णांची नोंद नुसती "निगेटिव्ह" अशीच असायची. तेव्हा मला रिपोर्टचा फोटो पाठवाल तर निष्कर्षाची ओळ तेवढी पाठवू नका, सगळी पानं पाठवा.