आग्नेय अ‍ॅरिझोनाच्या दऱ्यांमध्ये हमिंगबर्डच्या मागावर

अमेरिकेत हमिंगबर्ड पाहण्यासाठी आग्नेय अ‍ॅरिझोनाला जावे आणि शक्यतो ऑगस्टमध्ये जावे, कारण जुलैत सुरू होणाऱ्या पावसाने तेथील डोंगर फुलतात आणि विणीसाठी पार अलास्कापर्यंत गेलेले रूफस हमिंगबर्ड मेक्सिकोकडे परतताना याच सुमारास तेथे मुक्काम करतात. टूसॉनहून निघून आम्ही मडेरा कॅन्यन, पॅटागोनिया गाव आणि सिएरा व्हिस्टाजवळील रॅम्झी कॅन्यन असा मार्ग घेतला.

मडेरा कॅन्यनमध्ये साखरपाण्याच्या टांगत्या भांड्यांपाशी गर्दी असते. परंतु भांड्याऐवजी आसपासच्या उघड्या फांद्यांकडे पाहावे, असे मी सुचवेन. जेमतेम तीन-चार ग्रॅम वजनाचा तांबूस रूफस अशाच एका फांदीवरून पहारा करीत होता आणि वजनाने त्याच्या दुप्पट भरणाऱ्या रिव्होलीज हमिंगबर्डलाही हुसकावून लावत होता. मात्र पाहुणे फार वाढले, की राखणीत खर्च होणारी शक्ती मिळणाऱ्या रसापेक्षा महाग पडते आणि मालक हक्क सोडून इतरांसोबत निमूट पिऊ लागतो. म्हणून हद्दीची भांडणे पाहायची असतील, तर एकट्या भांड्यापाशी किंवा फुललेल्या झुडपापाशी बसावे.

पॅटागोनियातील पेटन केंद्र म्हणजे एका दांपत्याने पक्षिनिरीक्षकांसाठी खुले केलेले घराचे अंगण. जांभळ्या माथ्याचा, शुभ्र पोटाचा व्हायोलेट-क्राउन्ड तेथेच पाहावा.

विणीत नराचा वाटा समागमापुरताच असतो. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले, पिल्लांबरोबर ताणले जाणारे घरटे, दोन अंडी आणि पिल्लांचे भरणपोषण हे सारे मादी एकटी सांभाळते. याच भागातील चिरिकाहुआ डोंगरांत ब्लॅक-चिन्ड माद्या ससाण्यांसारख्या शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांच्या आसपास घरटी करतात, असे अभ्यासात आढळले आहे. शिकाऱ्याच्या धाकाने अंडी पळवणारे ‘जे’ (jay) नावाचे पक्षी तेथे फिरकत नाहीत. हमिंगबर्डसारखे चिमुकले भक्ष्य पकडण्याच्या फंदात शिकारी पडत नाही, हा हिशेब मला फार आवडला. घरटे दिसल्यास दुर्बिणीवरच समाधान मानावे.

दुपारनंतर वादळी पाऊस कोसळतो आणि कोरडे ओढे अचानक भरून वाहतात, त्यामुळे दऱ्यांमधील फेरी सकाळीच आटोपावी. मेक्सिकोची सीमा जवळ असल्याने परतीच्या रस्त्यांवर तपासणी नाकी लागतात. भारतीय पारपत्रधारकांनी मूळ कागदपत्रे सोबत ठेवावीत.