पॉवर ट्रान्झिस्टरसाठी टेस्टर: खरेदी बारगळली, बांधणी सुरू

गणपतीच्या आधी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर उघडायचाय, म्हणून आउटपुटचे पीस, म्हणजे स्पीकरला करंट देणारे पॉवर ट्रान्झिस्टर, तपासण्याची सोय आधी लावतोय. इंदूरच्या महाराणी रोडवर २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर मागितला की "भिया, ओरिजिनल है" म्हणत डबा पुढे येतो. असेलही. पण टोपीखाली चिप केवढी आहे हे छपाईवरून कळत नाही.

टेबलावर सध्या एटीमेगा-३२८ या मायक्रोकंट्रोलरचा स्वस्त टेस्टर आहे. तीन पायांपैकी (बेस, कलेक्टर, एमिटर) बेस कुठला, जात एनपीएन की पीएनपी, हे तो झकास सांगतो. पण जोर ५ व्होल्ट आणि काही मिलिअँपिअर एवढाच. मल्टिमीटरच्या एचएफईच्या (गेन मोजायच्या) खोबणीत तर बेसला साधारण १० मायक्रोअँपिअर मिळतात. २एन३०५५चा गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जातो तो आकडा, डेटाशीटमध्ये २० ते ७० दिलाय तो ४ अँपिअरला. १० अँपिअरला किमान फक्त ५. टेस्टरवरचे आकडे जुळवून जोड्या लावणं म्हणजे पैलवानाची ताकद कॅरमवर जोखणं.

कर्व्ह ट्रेसरचा (ट्रान्झिस्टरचे करंट-व्होल्टेजचे वक्र काढणाऱ्या यंत्राचा) मोह झाला, खोटं कशाला बोलू. टेक्ट्रॉनिक्स ५७६ची पीक पॉवर २२० वॉट, ३७१एची ३ किलोवॉट. कीसाइटचा बी१५०५ए १५०० अँपिअर आणि १० किलोव्होल्टपर्यंत जातो. तो ज्यांचा धंदा आहे त्यांना लखलाभ. जुना ५७६ मागवला तरी भाडं आणि दुरुस्ती अंगावर येणार, आणि मला पूर्ण वक्र नकोच आहेत, चार-पाच बिंदू पुरे. मग ठरलं: आहे त्या दोन चॅनलच्या ऑसिलोस्कोपला जोडून पल्स टेस्टर घरीच बांधायचा.

पल्स ३०० मायक्रोसेकंदांची, ड्यूटी (एकूण वेळात पल्स चालू असण्याचा वाटा) २ टक्क्यांच्या आत. डेटाशीटवालेही असंच मोजतात. एवढ्या वेळात चिप तापत नाही, हीटसिंक लागत नाही आणि सप्लायही मोठा लागत नाही. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ५ अँपिअर ओढले तरी व्होल्टेज ०.१५ने उतरतं. खरी गरज बेसच्या बाजूला आहे: १० अँपिअरला गेन ५ धरला तर बेसलाच २ अँपिअर द्यावे लागतात. पल्स काढणाऱ्या ५५५ टायमर चिपच्या मागे तगडा ड्रायव्हर टाकला तो त्यासाठी.

क्लिपांचंही बघावं लागलं. संपर्कात २० मिलिओहम असले तरी १० अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. म्हणून करंटच्या तारा वेगळ्या, मोजायच्या वेगळ्या, आणि मोजायच्या तारा थेट पायावर. करंट मोजायचा रेझिस्टर (शंट) ०.१ ओहमचा.

व्होल्टेजची तपासणी वेगळ्या डब्यात केलीय, करंट १ मिलिअँपिअरला बांधून. इथे एक गोम आहे. कमी करंटवर गेन पडलेला असतो, त्यामुळे कलेक्टर-एमिटर ब्रेकडाउन (ट्रान्झिस्टर बंद असूनही करंट वाहू लागतो ते व्होल्टेज) फुगून दिसतं. करंट वाढला की ते खाली येतं. २एन३०५५चे ६० व्होल्ट डेटाशीटमध्ये २०० मिलिअँपिअरवर दिलेत. तेव्हा माझ्या डब्यावर ७५ दिसले म्हणून पीस पास होत नाही. ५० दिसले तर मात्र नक्की बाद. आणि टीओ-३ची (२एन३०५५च्या धातूच्या डबीची) बॉडी म्हणजेच कलेक्टर, चाचणी चालू असताना तिला हात नको.

उरलीय तापण्याची चाचणी, आणि नकली पीस तिथेच उघडा पडेल असं मला वाटतं. बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. आधी बारीक करंटवर ते मोजायचं, मग थोडा वेळ २० वॉट द्यायचे आणि लगेच पुन्हा मोजायचं. चिप लहान असेल तर उतार जास्त. तुलनेसाठी जुन्या भंगार अ‍ॅम्प्लिफायरमधला खात्रीचा पीस बाजूला काढलाय. वॉट किती वेळ द्यायचे हे अजून ठरत नाहीये: फार कमी दिले तर फरक दिसत नाही, फार दिले तर बॉडीही तापून आकडा गढूळ होतो. कुणी टीओ-३वर हे केलं असेल तर तुमची वेळ सांगा.