ए लाइनने लॉस एंजेलिस पाहताना

मी लाँग बीचला राहते आणि कामासाठी लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात जाते. या प्रवासाला ए लाइन नावाची रेल्वे आहे. मोटारींच्या या शहरात तिने जाणाऱ्यांमध्ये रुग्णालयातले मदतनीस, हॉटेलातले स्वयंपाकी, इमारतींचे पहारेकरी आणि विद्यार्थी अधिक असतात. मुंबईहून नातेवाइकांचे फोन येतात तेव्हा चौकशी स्टुडिओंची आणि नटनट्यांची होते, आणि ती स्वाभाविकही आहे, कारण या शहराचे नाव जगभर चित्रपटांमुळेच पोहोचले. परंतु गाडीत माझ्या शेजारी रोज बसणारी माणसे त्या चित्रपटांत मला क्वचितच भेटली. ती ज्या चित्रपटांत भेटली, ते हॉलिवूडपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, फार थोड्या पैशांत तयार झालेले आहेत. आपल्याकडच्या चित्रपटप्रेमींपर्यंतही ते फारसे पोहोचलेले नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

या मार्गावर वॉट्स टॉवर्सचे स्थानक लागते. सायमन रोडिया नावाच्या इटालियन कामगाराने १९२१ पासून १९५४ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, लोखंडी सळ्या, सिमेंट, फुटक्या बशा आणि बाटल्यांच्या काचा वापरून उभारलेले मनोरे तिथून जवळच आहेत. मी नवी होते तेव्हा कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने मला या भागात उतरू नका असे काळजीने बजावले होते. वॉट्स म्हटले की इथल्या जुन्या माणसांना १९६५ चा ऑगस्ट आठवतो. त्या महिन्यात कृष्णवर्णीयांच्या या वस्तीत सहा दिवस उद्रेक चालला होता आणि ३४ माणसे मारली गेली होती. मी तो सल्ला बराच काळ पाळला. ज्या चित्रपटाने मला त्या स्थानकावर उतरवले, त्याचे नाव ‘किलर ऑफ शीप’.

तो चार्ल्स बर्नेट यांचा. जन्म मिसिसिपीतला, पण ते लहानाचे मोठे झाले वॉट्समध्ये. पुढे ते यूसीएलए विद्यापीठात चित्रपट शिकायला गेले आणि पदवीचा प्रबंध म्हणून त्यांनी हा चित्रपट केला. १९७०च्या दशकात, शनिवार-रविवारी, १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर, बहुतांशी ओळखीपाळखीच्या माणसांना घेऊन त्यांनी चित्रीकरण केले, आणि एकूण खर्च १०,००० डॉलरच्या आत राहिला. नायक स्टॅन कत्तलखान्यात काम करतो. त्याला रात्री झोप लागत नाही, आणि बायकोने जवळ घेतले तरी तो कुठेतरी दूरच असतो. कथानक म्हणून सांगण्यासारखे एवढेच आहे.

तरीही हा चित्रपट पाहून उठल्यावर मला एका वस्तीत राहून आल्यासारखे वाटले. मुले एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारतात आणि कॅमेरा खालून ते पाहत राहतो. स्टॅन आणि त्याचा मित्र गाठीचे पैसे घालून मोटारीचे एक जुने इंजिन विकत घेतात, जिना उतरवून ते मोठ्या कष्टाने ट्रकच्या टोकावर ठेवतात, आणि ट्रक चढावर निघताच ते मागे पडून निकामी होते. दोघे थोडा वेळ त्या इंजिनकडे पाहतात आणि निघून जातात. या प्रसंगावर बर्नेट कोणतेही भाष्य करत नाहीत, करुण संगीत लावत नाहीत, चेहऱ्यांच्या जवळ जात नाहीत. दुसरीकडे डायना वॉशिंग्टन यांच्या गाण्यावर नवरा-बायको अंधाऱ्या खोलीत संथपणे नाचतात, आणि गाणे संपताच तो तिला सोडून निघून जातो. ती खिडकीशी एकटी उरते. एका शब्दाशिवाय संसाराचे इतके काही सांगणारा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

हा चित्रपट तीस वर्षे लोकांना जवळजवळ पाहायलाच मिळाला नाही. बर्नेट यांनी त्यात ब्लूज, जॅझ आणि सोल संगीतातली गाणी वापरली होती, आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी त्यांचे हक्क घेण्याचा प्रश्न आला नव्हता. व्यावसायिक प्रदर्शन करायचे तर प्रत्येक गाण्याचे पैसे भरणे आवश्यक होते. दरम्यान १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला, म्हणजे तो जतन करण्याजोगा ठेवा ठरला, पण चित्रपटगृहात काही लागेना. अखेर यूसीएलएच्या चित्रपट संग्रहाने त्याची नवी ३५ मिलिमीटर प्रत तयार केली, माइलस्टोन या छोट्या वितरण संस्थेने सुमारे दीड लाख डॉलर भरून गाण्यांचे हक्क मिळवले, आणि २००७ साली तो प्रदर्शित झाला. चित्रपटाला लागलेल्या खर्चाच्या पंधरापट रक्कम केवळ त्यातल्या गाण्यांना लागली.

पुण्यात शिकत असताना मी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातले खेळ पाहायला जात असे, आणि जुनी प्रत हाती लागणे ही किती नशिबाची गोष्ट असते हे तिथेच मला कळले होते. इथे त्याच ओढीने मी वेस्टवूडच्या बिली वाइल्डर थिएटरमध्ये जाते, जिथे यूसीएलएच्या संग्रहाचे खेळ होतात. लाँग बीचहून तिथे पोहोचायला सार्वजनिक वाहनाने दोन तास लागतात, आणि मला ते कधीही जास्त वाटले नाहीत.

तिथेच मी ‘ब्लेस देअर लिटल हार्ट्स’ पाहिला. १९८४ सालचा हा चित्रपट बिली वुडबेरी यांनी दिग्दर्शित केला आहे, तर त्याची पटकथा आणि छायाचित्रण बर्नेट यांचे आहे. चार्ली बँक्स दीर्घकाळ बेकार आहे आणि घर त्याच्या बायकोच्या, अँडेसच्या कमाईवर चालते. ती बसमध्ये बसल्या बसल्या पेंगते. वॉट्सच्या आसपासचे मोठे कारखाने याच सुमारास एकामागून एक बंद होत होते. साउथ गेटमधला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला. हे साल वाचले आणि मी थांबले, कारण त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता, आणि साच्यांवर काम करणारे माझे बाबा त्या दिवसापासून जे घरी बसले, ते पुन्हा त्या गिरणीत गेले नाहीत.

त्या चित्रपटात अँडेस मुलांच्या नकळत चार्लीच्या हातात काही नाणी देते, आणि तो ती मुलांना वाटतो, म्हणजे पैसे त्यांना वडिलांच्या हातून मिळावेत. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई हेच करत असे. ती परळला दोन घरी पोळ्या लाटायला जाई, आणि शाळेची फी मात्र आम्हाला बाबांकडे मागायला सांगे. हे सारे मला अनेक वर्षांनी समजले. पुढे स्वयंपाकघरात नवरा-बायकोचे एक प्रदीर्घ भांडण होते. कॅमेरा त्या अरुंद जागेत न तोडता ते पाहत राहतो, आवाज चढतात, दोघे एकमेकांवर धावून जातात, आणि तिच्या थकव्याचा हिशेब इतका चोख असतो की त्याला उत्तर सापडत नाही. चाळीत अशा भांडणाच्या वेळी शेजारी रेडिओचा आवाज वाढवत, तो सभ्यपणाच होता. हे भांडण पाहताना मला तो रेडिओ ऐकू येत होता. के सी मूर या अभिनेत्रीचे काम तुम्ही कुठेही पाहिले नसेल तर याच चित्रपटात पाहा. ‘किलर ऑफ शीप’मधली ती अबोल बायकोही त्यांनीच केली आहे.

बर्नेट यांचाच १९९० सालचा ‘टू स्लीप विथ अँगर’ हा यांतला सर्वांत सहज पाहता येण्याजोगा चित्रपट आहे. आधीचे दोन्ही संथ चित्रपट ज्यांना जड वाटतील त्यांनी सुरुवात इथून करावी. रंगीत आहे, गोष्ट बांधेसूद आहे, आणि डॅनी ग्लोव्हर यांनी त्यात गावाकडून आलेला एक गोडबोल्या पाहुणा रंगवला आहे. तो येतो, राहतो, आणि घरातल्या माणसांमधल्या जुन्या भेगा हळूहळू रुंदावत जातात. एका लहान मुलाच्या केरसुणीचा त्याला स्पर्श होतो तेव्हा तो दचकतो. हा प्रसंग मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. गुलामगिरीतून आणि दक्षिणेतल्या शेतांतून आलेल्या या कुटुंबांनी शहरात येताना केवढे काय सोबत आणले होते, ते अशा बारकाव्यांतून उमगत जाते.

हैले गेरिमा या इथिओपियातून आलेल्या दिग्दर्शकाचा ‘बुश मामा’ यूसीएलएतल्या याच विद्यार्थ्यांच्या पिढीतला आहे, आणि तो अधिक संतप्त आहे. त्याच्या सुरुवातीला पोलीस काही कृष्णवर्णीय तरुणांना अडवून झडती घेताना दिसतात. ते तरुण म्हणजे प्रत्यक्षात चित्रीकरण करणारी मंडळीच होती, आणि ती झडती खरी होती. हा चित्रपट मी तिसरा किंवा चौथा म्हणून पाहावा असे सुचवेन, कारण त्याची मांडणी तुटक आहे आणि त्या पिढीचे इतर काम पाहिलेले असले की ती जवळची वाटते.

गाडी वॉट्स सोडून उत्तरेला जाते, भुयारात शिरते, आणि २०२३ साली सुरू झालेल्या नव्या मार्गामुळे आता थेट बंकर हिलच्या खाली थांबते. उद्वाहनाने वर आले की समोर वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलची चकचकीत पोलादी वळणे आणि काचेचे मनोरे दिसतात. याच टेकडीवर पूर्वी लाकडी वाड्यांची दाट वस्ती होती. त्या वाड्यांच्या खोल्या पुढे भाड्याने दिल्या गेल्या, आणि त्यांत वृद्ध निवृत्त माणसे व नव्याने शहरात आलेले गरीब लोक राहू लागले. १९५९ साली पुनर्विकास योजना मंजूर झाली आणि सारी वस्ती पाडण्यात आली. ती वस्ती आता एका चित्रपटातच पाहता येते, आणि या लेखातली माझी सर्वांत आग्रहाची शिफारस त्याच चित्रपटाची आहे.

केंट मॅकेन्झी यांचा ‘द एक्झाइल्स’ जेमतेम सव्वा तासाचा आहे. १९६१ साली तो व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला, नंतर जवळजवळ विस्मरणात गेला, आणि थॉम अँडरसन यांनी २००३ साली आपल्या ‘लॉस एंजेलिस प्लेज इटसेल्फ’ या निबंधपटात त्याची आठवण जागवल्यानंतर २००८ साली नव्या प्रतीसह पुन्हा प्रदर्शित झाला. तो अँडरसन यांचा निबंधपटही पाहाच. तो जवळजवळ तीन तासांचा आहे आणि सिनेमाने या शहराला कसे वापरले ते इतर चित्रपटांचे तुकडे दाखवून उलगडतो. या लेखातल्या बहुतेक चित्रपटांची ओळख मला त्यातूनच झाली.

आरक्षित भूमी सोडून शहरात आलेल्या मूळ अमेरिकन तरुणांची एक रात्र ‘द एक्झाइल्स’मध्ये आहे. भूमिका त्यांनी स्वतःच केल्या आहेत, आणि पडद्यामागून ऐकू येणारी स्वगते त्यांच्याच मुलाखतींतली आहेत. पुरुष दारूच्या गुत्त्यात, पत्त्यांच्या डावात आणि मोटारींत रात्र घालवतात. इव्हॉन गरोदर आहे. ती ग्रँड सेंट्रल मार्केटमधून सामान आणते, नवऱ्यासाठी रांधते, आणि तो मित्रांबरोबर असताना एकटीच सिनेमा पाहते. होणाऱ्या मुलाला आपल्याला मिळाले नाही ते मिळावे, एवढेच तिला हवे आहे. उत्तररात्री ही मंडळी एका टेकडीवर जमतात, ढोल वाजवतात, गातात, नाचतात, भांडतात, आणि खाली शहराचे दिवे पसरलेले असतात. गावाहून मुंबईत आलेल्या गिरणीवाल्यांच्या खोल्यांतली भजने आणि बाल्यांचे नाच ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या ढोलाचा अर्थ चटकन कळेल.

दुसऱ्या एका गोष्टीसाठी मी हा चित्रपट चार वेळा पाहिला आहे. त्यात एंजल्स फ्लाइट नावाची छोटी नारिंगी रेल्वे दिसते. टेकडीवरच्या माणसांना खाली बाजारात उतरवणारी ही रेल्वे १९६९ साली उखडून ठेवली गेली आणि १९९६ साली थोड्या दक्षिणेला पुन्हा बसवली गेली. ग्रँड सेंट्रल मार्केट आजही तिच्या पायथ्याशी आहे. दुपारच्या सुटीत मी कधी कधी तिथून भाजी घेते आणि त्या डब्यात बसून वर जाते. आता वर उतरल्यावर कार्यालयांचे मोकळे फरसबंद चौक आहेत. इव्हॉन कागदी पिशवी छातीशी धरून ज्या लाकडी जिन्यांच्या वस्तीत परतते, ती वस्ती साधारण इथेच कुठेतरी होती, आणि मी दर वेळी तिची जागा मनातल्या मनात पुन्हा शोधते.