तुम्ही विचारलंत म्हणून : तळ्याकाठची मुक्कामाची जागा

टोरांटो-मिसिसागाकडची आपली मंडळी कनू, म्हणजे वल्ह्यांची निमुळती होडी, घेऊन ओंटारियोतल्या अल्गॉनक्विन या जंगल-तळ्यांच्या उद्यानात जायचं ठरवू लागली की मला एक प्रश्न हमखास येतो : "आत गेल्यावर मुक्कामाची चांगली जागा ओळखायची कशी?" विचारणाऱ्यांतले बरेच जण सह्याद्रीत भटकलेले असतात. गडावर मुक्काम पाण्यावरून ठरतो. टाकं कुठे आहे, गुहा कोरडी आहे का, देवळात पथारी पसरता येईल का, एवढं पाहिलं की झालं. अल्गॉनक्विनमध्ये २,४०० हून जास्त तळी आहेत, पाण्याला तोटा नाही. तिथे जागा जोखायची ती झाडं, जमीन आणि वारा पाहून. देखावा सगळ्यात शेवटी.

आरक्षण तळ्याचं होतं, ठरावीक जागेचं नाही. काठावर झाडाला नारिंगी पाटी दिसली आणि तिथे कुणी उतरलेलं नसलं, तर ती जागा तुमची. पाटी नसेल तिथे तंबू ठोकायला मनाई आहे. म्हणजे निवड करायची ती कनूत बसून, वल्ही मारून दमल्यावर. पाण्यातून कातळाचं देखणं टोक आणि त्यावर वाकलेला पाइन दिसला की सगळे तिकडेच वळतात. माझा आग्रह असा, की लगेच सामान उतरवू नका. एकानं कनू धरून थांबावं आणि दुसऱ्यानं वर चक्कर मारून यावं.

वर गेलात की पहिल्यांदा मान वर करून पाहा. वाळून उभं राहिलेलं झाड, शेजारच्या झाडात अडकून लोंबणारी तुटकी फांदी, बुंध्याशी उचलली गेलेली माती. २१ मे २०२२ ला दक्षिण ओंटारियोतून वादळ गेलं, त्यात बळी गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर झाडं कोसळली होती. तंबूच्या टप्प्यात असं एक झाड असलं तरी त्या जागेला माझ्याकडून शून्य, मग सूर्यास्त कितीही सुंदर दिसो. यात मी तडजोड करत नाही.

मग जमीन. ग्रॅनाइटवर मातीचा पातळसा थर, त्यावर पाइनच्या सुया, अशी ती असते. वर्षानुवर्षं तंबू लागून सपाट दिसणारी जागा मध्ये खोलगट झालेली असते आणि रात्री पाऊस आला की पाणी नेमकं तिथेच साचतं. म्हणून आडवं होऊन बघावं, पाठीला सगळं कळतं. झाडांची मुळं उघडी पडलेली, भूर्जांची साल लोकांनी ओरबाडून काढलेली दिसली, तर दुसरी जागा मिळत असताना मी तिथे उतरत नाही. त्या जागेला थोडी विश्रांती मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

वाऱ्याचा हिशेब मात्र महिन्यागणिक बदलतो. वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. पूर्व काठावरच्या जागेचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्यास्त तिच्या वाट्याला येतो आणि वाराही थेट अंगावर. मे-जूनमध्ये मी मुद्दाम अशीच जागा घेते, कारण चावणाऱ्या बारीक काळ्या माश्या आणि डास वाऱ्यात टिकत नाहीत. काळ्या माश्यांची पैदास वाहत्या पाण्यात होते, तेव्हा त्या दिवसांत ओढ्याच्या मुखाजवळ मुक्काम नको. सप्टेंबरात सगळं उलट. माश्या संपलेल्या असतात आणि पहाटे गारठा असतो. पश्चिम काठावर, पाठीशी दाट झाडीचा आडोसा असेल अशी जागा बघावी. सकाळचं कोवळं ऊन तंबूवर येतं आणि चहा होईतो दव सुकायला लागतं. म्हणूनच कुणी अमुक तळ्यावरच्या जागेला पाचपैकी पाच गुण दिले, की मी आधी विचारते, कोणत्या महिन्यात गेला होतात?

अस्वलांचं विचारल्याशिवाय तर कुणीच राहत नाही. अन्नाची पिशवी जमिनीपासून किमान ४ मीटर उंच आणि खोडापासून २ मीटर दूर टांगता येईल अशी फांदी तंबूपासून लांब आहे का, हे उजेडातच पाहून ठेवा. चुलीत अर्धवट जळालेली खरकटी, डबे, फॉइल पडलेलं असेल तर पुढे निघा. त्या वासानं अस्वलाला तिथे यायची सवय लागलेली असू शकते. बेटावर अस्वल येत नाही हा समज काढून टाका. अस्वलं उत्तम पोहतात. १९९१ च्या ऑक्टोबरात ओपिओंगो तळ्यातल्या बेट्स बेटावर काळ्या अस्वलानं दोघांचा जीव घेतला होता. अशा घटना अगदी विरळा, पण बेट आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

शौचासाठी मागे झाडीत झाकणाची लाकडी पेटी असते, तिला सगळे थंडरबॉक्स म्हणतात. तिथवरची वाट अंधारात टॉर्चवर सापडेल ना, तेवढं बघा.

मुलं बरोबर असतील तर काठ स्वतः पाण्यात उतरून तपासा. कातळाचं जे टोक आपल्याला पोहायला आवडतं, तिथे बऱ्याचदा दोन पावलांवर तळ लागत नाही. लहानांसाठी वाळूचा, हळूहळू खोल होणारा काठ हवा. तो मिळत असेल तर बाकी दोन गोष्टी कमी असल्या तरी मी ती जागा घेईन, फक्त डोक्यावर वाळलेलं झाड नको.