फिम्बरपास: किलोमीटर मोजू नका, ढकलायचे तास मोजा

आल्प्समधली पाच दिवसांची सायकल सफर संपवून काल रात्री म्युनिकला परत आलो. डावा खांदा अजून सुजलेला आहे, तरी आजच लिहायला बसलोय, कारण चार दिवस गेले की राग उतरेल आणि मग मीही "एकदम भारी रूट आहे, नक्की करा" एवढंच सांगत सुटेन. रूट भारी आहेच, पण याच एका वाक्यावर विसंबून आम्ही फसलो.

बेत असा होता. जर्मनीतल्या गार्मिशहून निघायचं, ऑस्ट्रियात फर्नपास, इम्स्ट, लांडेक करत इश्गलला यायचं, तिथून फिम्बरपासची खिंड ओलांडून स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यात उतरायचं, मग ऊइनाच्या घळीतून परत वर चढून इटलीत, आणि शेवटी मेरान. साधारण २४० किलोमीटर, पाच दिवस. आम्ही तिघं, मी, ऑफिसातला मित्र आणि पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ. भाऊ दर रविवारी सायकलवर सिंहगड करणारा, आम्ही दोघं चार वर्षं इथल्या डोंगरात फिरतोय, म्हणजे दम कुणाचाच कमी नव्हता. नेटवर एकाचा ट्रॅक (फोनच्या नकाशावर धरून जायची आखलेली वाट) मिळाला, खाली लिहिलेलं "९८ टक्के सायकल चालवता येते".

आता हे ९८ टक्के काय असतात ते नीट बघा. २४० चे दोन टक्के म्हणजे पाच किलोमीटरसुद्धा नाहीत, ऐकून वाटतं चला, जरा उतरून चालू. आम्हाला त्या पाच किलोमीटरला चार तासांच्या वर लागले. किलोमीटरच्या हिशोबात डोंगराचा कठीण भाग दिसतच नाही, कारण कठीण भाग नेहमी छोटाच असतो. म्हणून कुणाचाही ट्रॅक घ्याल तर एकच विचारा, ढकलायला किती तास आणि खांद्यावर किती वेळ. ज्याला हे सांगता येत नाही त्याचा ट्रॅक घेऊ नका.

पहिले दोन दिवस सोपे होते, सांगण्यासारखं काही नाही. फर्नपासला व्हिया क्लाउडिया ऑगुस्टा या जुन्या रोमन वाटेवरच्या सायकलमार्गाचे फलक धरून जा, गाड्यांच्या रस्त्याला लागू नका. इश्गलला राहणार असाल तर बुकिंग करतानाच सिल्व्रेटा कार्ड मिळतं का विचारा, बऱ्याच ठिकाणी ते राहण्याच्या पैशातच येतं आणि त्यावर उन्हाळ्यात केबल कारचे पाळणे फुकट असतात.

इश्गल १३७७ मीटरवर, हायडेलबर्गर हट (डोंगरातलं मुक्कामाचं घर) २२६४ वर. खडीचा रस्ता आहे, मध्येमध्ये चढ अंगावर येतो, पण सगळा चालवत जाता येतो. हट जर्मन अल्पाइन क्लबच्या हायडेलबर्ग शाखेची, जायचा रस्ता ऑस्ट्रियातून, आणि जमीन स्वित्झर्लंडची! हे शेवटचं आम्हाला रात्री जेवताना कळलं आणि तोपर्यंत मोबाईलने स्विस नेटवर्क पकडून दिवसभराचे फोटो आपोआप वर चढवून टाकले होते. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे घरच्या दरात रोमिंग मिळेलच असं नाही, हे मला तात्त्विकदृष्ट्या माहीत होतं. ५९ युरो ५० सेंट लागले आणि मर्यादा संपली म्हणून नेटच बंद. दुसऱ्या दिवशी खिंड उतरताना एका फाट्यावर नकाशा उघडेना आणि चुकीच्या वाटेने खाली जाऊन पाऊण तास परत वर ढकलत यावं लागलं. हा भुर्दंड टाळणं अगदी सोपं आहे, इश्गल सोडतानाच डेटा रोमिंग बंद करा आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. हट ते खिंड फक्त ३४४ मीटर चढ आहे, खिंड २६०८ वर. सुरुवातीला गवतातून थोडी सायकल चालते, मग वाट उभी होते, दगड मोठे होतात आणि पायाखाली घसारा (सुटे, सरकणारे दगड) सुरू होतो. आपल्याकडे नाळेतून चढताना जसा दगड सरकतो तसाच, फक्त इथे पाठीवर नऊ किलोची सॅक आणि हातात सायकल. माझी सायकल १४ किलोची, ती मी एका पेडलला हात घालून खांद्यावर घेतली, दीडशे पावलं टाकायची, थांबायचं, परत दीडशे. भावाने भाड्याने ई-बाईक घेतली होती, २४ किलो. ती ढकलायला मदत करणारं बटण असतं ना, ते या दगडांत काही कामाचं नाही, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. शेवटी मित्र पुढून आणि भाऊ मागून असं दोघांनी मिळून ती उचलली, मग मित्र खाली उतरून स्वतःची सायकल घेऊन परत वर. एका वळणावर भाऊ खाली बसला आणि म्हणाला, "दादा, मी इथेच थांबतो, तुम्ही जा पुढे." मला तेव्हा खरंच भीती वाटली, कारण पश्चिमेकडे ढग जमायला लागले होते आणि तिथे आडोसा म्हणून काही नाही. हटवर आम्हाला सांगितलं होतं एक तास, आम्हाला लागले एक तास पन्नास मिनिटं.

त्यामुळे स्पष्ट सांगतो, फिम्बरपासला ई-बाईक नेऊ नका. तुम्ही कितीही फिट असा, २४ किलो एकट्याला उचलता येत नसेल तर हा रूट तुमचा नाही.

आणि वर पोचलं की सुटलो असं समजू नका. आपली कळसूबाई १६४६ मीटर, तुम्ही तिच्या माथ्यापेक्षा जवळजवळ एक हजार मीटर वर उभे असता आणि पलीकडचं व्ना गाव साधारण कळसूबाईच्याच उंचीवर आहे. एवढं सगळं एका दमात उतरायचं. वरची वळणं उभी आणि सुट्या दगडांची, काही ठिकाणी ओढ्याने वाट खाऊन टाकलेली. आम्ही पहिला अर्धा-पाऊण तास बऱ्याच ठिकाणी उतरूनच चाललो, त्यात काही कमीपणा नाही. खाली ग्रिओशपासून त्सुओर्टपर्यंत मात्र वाट अशी सुटते की ओरडावंसं वाटतं, आणि आम्ही ओरडलोही.

फक्त तोवर भावाचे ब्रेक गेले होते. दुकानदाराने "आल्प्ससाठी खास सर्व्हिस केली आहे" म्हणत दिवसाचे ७५ युरो घेतले आणि ब्रेकचे पॅड अर्ध्याहून जास्त झिजलेले दिले. ई-बाईकचं वजन, वर लांब उतार, लिव्हर हँडलला टेकायला लागला. व्नापासून खालचा डांबरी उतार त्याने चालत केला, आणि मग पॅड बदलायला एंगाडीनमधल्या श्कुओल गावी जाण्यात अर्धा दिवस गेला, ९६ फ्रँक. भाड्याची सायकल ताब्यात घेताना चाक काढून पॅड स्वतः बघा, दोन जोड्या सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड सॅकमध्ये ठेवा आणि उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका, जोरात दाबा, सोडा, परत दाबा.

ऊइनाबद्दल लोकांनी इतकं घाबरवलं होतं की आम्ही ती टाळणारच होतो. टाळू नका. एंगाडीनमधल्या सूर एनपासून चढ मोठा आहे, ११२४ वरून जवळजवळ २३०० पर्यंत, पण खाली जंगलातला बराचसा रस्ता चालवता येतो आणि घळीत सायकल ढकलायचीच असा नियमच आहे, त्यामुळे तिथे कुणी खोटी आशा दाखवत नाही. कातळात कोरलेली ही वाट १९१० मध्ये झाली, फोर्त्सहाइमच्या अल्पाइन शाखेने आपल्या हटकडे एंगाडीनमधून येता यावं म्हणून ती केली. एका बाजूला कडा, एका बाजूला सरळ खोल दरी. शक्यतो सायकल दरीच्या बाजूला आणि आपण भिंतीला लागून, हेल्मेट डोक्यावरच ठेवा कारण कातळ खाली येतो. सकाळी लवकर निघा, दहानंतर समोरून चालणारे येतात आणि हँडल कुठे वळवायचं हा प्रश्न पडतो. कड्याची भीती वाटते त्यांनी मात्र येऊच नये, मध्येच परत फिरणं जास्त कठीण आहे.

घळ संपते आणि समोर एकदम सपाट हिरवं पठार, मधून संथ ओढा, गाई. आम्ही तिघं तासभर नुसते पडून राहिलो. त्या पठारासाठी मी फिम्बरपासची ती पावणेदोन तासांची हमाली परत करेन, हे आज सुजलेल्या खांद्यानेही लिहितोय. सेस्वेनाहटवर जेवा, मुक्काम असेल तर आधी बुक करा. पुढे मेरानपर्यंत उतार आणि सफरचंदांच्या बागा.

बाकी कामाच्या गोष्टी. हटसाठी रोख पैसे जवळ ठेवा, झोपायची पातळ चादर-पिशवी सोबत लागतेच, रात्री दहाला दिवे बंद. जर्मन अल्पाइन क्लबचं सदस्यत्व काढा, सामायिक खोलीत रात्रीचे दहा-बारा युरो वाचतात आणि शोध व सुटकेचा २५,००० युरोपर्यंतचा विमा त्यात येतो. भारतातून येणाऱ्यांनी व्हिसासाठी काढलेला विमा डोंगरातली सायकल आणि हेलिकॉप्टर धरतो का ते वाचून घ्या, भावाचा धरत नव्हता. तातडीच्या मदतीसाठी ११२ सगळीकडे चालतो, ऑस्ट्रियात डोंगरासाठी १४०, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरसाठी १४१४. शाकाहारी असाल तर केझश्पेत्सलं (चीज घातलेले शेवयांसारखे नूडल्स) आणि काइझरश्मार्न (गोड पॅनकेकचे तुकडे) यावरच दिवस काढायचे, वाटेत खायला गुळपोळ्या नेल्या होत्या त्या खूप कामी आल्या.

परतीला बोलझानोहून म्युनिकच्या युरोसिटी गाडीत सायकलची जागा आधी बुक करावी लागते आणि ऑगस्टमध्ये ती संपलेली असते. आम्ही ब्रेनर, इन्सब्रुक, कुफस्टाइन अशा लोकल गाड्या बदलत आलो, कुफस्टाइनपासून जर्मनी तिकीट (जर्मनीतल्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) चालतं, सायकलचं वेगळं काढावं लागतं. भावाने ई-बाईक परत देताना जुने झिजलेले पॅड दुकानदाराच्या टेबलावर ठेवले. त्याने ९६ फ्रँक दिले नाहीत, एका दिवसाचं भाडं परत केलं.