ॲम्प्लिफायर वाचवायला गेलो, न्यूट्रलपाशी अडकलो

'व्होल्टेज बरोबर आहे.' घरात व्होल्टेज चढतं म्हणून वीज कंपनीकडे तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा हेच उत्तर मिळालं, आणि तिन्ही वेळा माप घेतलं ते सकाळी अकराला. संध्याकाळी सातनंतर बोर्डावर २७८ व्होल्ट दिसायचे, त्या वेळी कुणी फिरकायचं नाही. ॲम्प्लिफायर आणि सबवूफरच्या संरक्षणाचं बाकी काम दोन दिवसांत उरकलं. अडकलो ते इथंच.

डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज आणि सगळ्यांना मिळून एक न्यूट्रल (परतीची तार) येतो. त्या न्यूट्रलचा जोड ढिला झाला की भार जास्त असलेल्या फेजवर व्होल्टेज पडतं आणि कमी भाराच्या फेजवर चढतं. जोड पार सुटला तर घरात ४०० च्या आसपासही येऊ शकतं. मागच्या गल्लीत कूलर आणि बोअर चालू झाले की आपल्याकडचा बल्ब प्रखर होतो, ही त्याची खूण.

तरी नुसत्या खुणेवर कुणी खांबावर चढत नाही, म्हणून मल्टिमीटरनं तीन मापं घेतली. फेज-न्यूट्रल २७८, फेज-अर्थ २३५, न्यूट्रल-अर्थ ४५. शेवटचं माप दोन-तीन व्होल्टच्या वर नको. फेज-अर्थही तेवढंच चढलेलं असतं तर दोष डीपीच्या टॅपकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज ठरवणाऱ्या जोडणीकडे, गेला असता.

आपलं अर्थिंग धड असेल तरच ही मापं खरी मानायची. आपल्या काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, माती अर्थिंगचा पाइप सोडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहा. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत हवा. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावला तर तो नेहमीसारखा उजळायला हवा. (ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती दिसली की लाइट तोडणारा स्विच, असेल तर तो पडेल. पडायलाच हवा.) ही तपासणी वायरमनकडूनच करून घ्या.

मात्र वायरमन 'न्यूट्रल-अर्थ घरातच जोडून टाकतो' म्हणाला तर त्याला तिथंच थांबवा. उद्या बाहेरचा न्यूट्रल तुटला की फ्रीजच्या पत्र्यातही करंट येईल.

शेवटी सात दिवसांचा तक्ता केला: वेळ, तिन्ही मापं, आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या फेजवरच्या शेजाऱ्यांकडचं माप. माझे २७८, त्यांचे १९०. लेखी अर्ज, पोच घेऊन. अर्जानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी माणूस आला. डीपीच्या न्यूट्रलवरचा लग (तार घट्ट जोडायचं धातूचं टोक) जळून काळा पडला होता. बदलायला वीस मिनिटं. दोन महिने कशात गेले, तर या वीस मिनिटांत!

तुमच्याकडचा न्यूट्रल दुरुस्त होईस्तोवर स्पाइक गार्डवर विसंबू नका. त्यातला एमओव्ही विजेचा क्षणिक झटका गिळतो. तासभर चढलेलं व्होल्टेज त्याच्या आवाक्याबाहेरचं, तो तापून जळतो. मेन स्विचजवळ ३२० व्होल्टचा टाइप २ एसपीडी (झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) बसवा. त्याच्या जोडतारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात, तार लांबली की झटका घरात शिरतोच. त्याच्या पुढं २६५ च्या वर आणि १८५ च्या खाली लाइट तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर, परत जोडायला तीन मिनिटांचा उशीर लावून. लाइट परत येते तेव्हा ती लगेच स्थिर होत नाही, म्हणून हा उशीर.

यूपीएसवर डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा), स्ट्रीमर आणि हार्ड डिस्क ठेवा. पॉवर ॲम्प्लिफायर बंद पडला तर पडू द्या, त्याला लाइट गेल्यानं काही होत नाही. इन्व्हर्टरवर चालवायचाच असेल तर तो साइन वेव्हचा घ्या. चौकोनी लाटेवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. बंद करताना ॲम्प्लिफायर आधी आणि चालू करताना सगळ्यात शेवटी, नाहीतर स्पीकरला धपकन दणका बसतो.

आणि वळवाचं आभाळ आलं की प्लगसोबत डिशची केबलही काढा. सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयवाटे वीज थेट ऑडिओ रीसिव्हरमध्ये जाते, आणि बोर्डावरचा एसपीडी त्या वाटेवर नसतोच.