एन्लार्जरचा बल्ब उडाला आणि प्रोजेक्टर कामाला आला

मामाच्या जुन्या एन्लार्जरचा (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) दुधी बल्ब गेल्या महिन्यात उडाला, पुण्यातली तपकीर गल्ली पालथी घातली तरी त्या मापाचा मिळेना. मग रविवारी जुन्या बाजारात एक डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणारा) प्रोजेक्टर दिसला आणि डोक्यात आलं, मल्टिग्रेड पेपरला (एकाच फोटोपेपरवर कॉन्ट्रास्ट बदलतो, जुन्यासारखे वेगवेगळ्या नंबरचे पेपर लागत नाहीत) लागतो हिरवा आणि निळा प्रकाश, हिरव्याने कॉन्ट्रास्ट कमी, निळ्याने जास्त, आणि हे दोन्ही रंग तर प्रोजेक्टर लॅपटॉपवरून हवे तसे देतो, फिल्टर बदलायची गरजच नाही!

जुगाड असा की प्रोजेक्टर बाथरूमच्या फळीवर आडवा, समोर ४५ अंशात आरसा, आणि एन्लार्जरच्या कंडेन्सरवर (निगेटिव्हच्या वरची भिंगं) दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा. आपल्याला चित्र नको, नुसता रंग हवाय, त्यामुळे प्रोजेक्टरच्या फोकसची कटकट नाही. निगेटिव्ह फोकस करताना लॅपटॉपवर फक्त लाल स्क्रीन ठेवायची, लाल प्रकाश या पेपरला जवळजवळ दिसत नाही.

खरा त्रास उजेड बंद ठेवायला लावलेल्या काळ्या स्क्रीनने दिला. पहिल्या सगळ्या प्रिंट्स मळकट आल्या, पांढरं म्हणून कुठे उरलंच नाही, मला वाटलं डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) खराब झालाय, नवीन बनवला तरी तेच. शेवटी निगेटिव्ह काढून पेपरवर एक रुपयाचं नाणं ठेवलं, काळी स्क्रीन लावून दहा मिनिटं थांबलो आणि पेपर धुतला, तर राखाडीत नाण्याचा पांढरा गोल स्वच्छ उमटलेला. चिपवरचे बारीक आरसे प्रकाश बाजूला वळवतात खरे पण थोडा झिरपतोच. आता लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा काळा रंगवून लेन्सपुढे झाकण केलंय, एक्स्पोजर हातानेच. लाल स्क्रीनचीही हीच नाण्याची टेस्ट घ्या, अंदाजावर राहू नका. आणि पंख्याच्या जाळीतून उजेड गळतो तिथे काळं कापड आडवं टांगा, पण हवा अडवू नका, दिवा भयंकर तापतो.

काल आजीच्या वाड्यातल्या फोटोची प्रिंट काढली, नऊवारीचा पांढरा काठ उन्हात, चेहरा सावलीत, ही निगेटिव्ह आजवर कधीच नीट आली नव्हती. हिरवा १४ सेकंद, मग निळा ९. हायपोतून (प्रिंट पक्की करणारं द्रावण) बाहेर काढून दिवा लावला तर काठावरची वीणसुद्धा दिसतेय आणि आजीच्या डोळ्यांतला काळा रंग अगदी दाट.

मामाला दाखवला. त्याने चष्मा वर करून प्रिंट डोळ्याजवळ नेला आणि विचारलं, "कितव्या नंबरच्या पेपरवर काढलास रे?"